पुराच्या पाण्यातून एम.ए.कडे: मानवतावादी मदत आणि संघर्ष शिकू पाहणाऱ्या बडोदेकरांसाठी

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दांडिया बाजारातली सात-आठ जणं थेपले आणि सुक्या भाजीची पाकिटं घेऊन विश्वामित्रीकाठच्या एका वस्तीत गेलो. वस्तीच्या तोंडाशीच पाकिटं संपली. पहिल्या ओळीतल्या घरांत तीन-तीन मंडळांची पाकिटं आली. मागच्या ओळीत दाहोदकडून बांधकामावर आलेली कुटुंबं भाड्याने राहत होती. तिथे एकही गेलं नाही. फोटो मात्र छान आले.

हे असं का होतं, याचा कुणी नीट अभ्यास करतं का, हे शोधताना मला हा विषय सापडला. २०२२ मध्ये इंग्लंडला जाऊन एका वर्षाचं एम.ए. केलं आणि परत आले. तेव्हापासून कुणाची भाची, कुणाच्या मैत्रिणीचा मुलगा असे फोन येतात. प्रश्न तेच, माझी उत्तरंही तीच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

१. आधी विषय कशाचा आहे ते बघा

बरेच जण समजतात की ही 'परदेशातली समाजसेवा' आहे. काहींना वाटतं बोटीतून लोकांना बाहेर काढायला शिकवत असतील. तसं काही नाही. बचावकार्याची ओढ असेल तर आपल्या जरोदलाच एनडीआरएफची सहावी बटालियन आहे, आणि नागरिकांसाठी 'आपदा मित्र' प्रशिक्षण आहे. तो रस्ता वेगळा, आणि तोही चांगला.

या पदवीत शिकवतात ते असं: संकटात सापडलेल्या माणसांपर्यंत मदत कोण नेतं, कुणाच्या पैशाने, कुणाच्या परवानगीने, आणि ती नेल्याने काय बिघडू शकतं. इतिहास १८५९ च्या, इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईपासून सुरू होतो. तिथले जखमी पाहून स्विस व्यापारी आंरी द्युनाँ यांनी जी खटपट केली तिच्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉस उभी राहिली. पुढे युद्धात सापडलेल्यांच्या संरक्षणाचे १९४९ चे चार जिनिव्हा करार, मग मानवतावादी मदतीची चौकट घालून देणारा १९९१ चा संयुक्त राष्ट्रांचा ४६/१८२ हा ठराव. मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही चार तत्त्वं तुम्हाला झोपेतही म्हणता येतील इतक्यांदा येतात. मग वर्षभर त्या तत्त्वांचं प्रत्यक्षात काय होतं हे बघायचं. नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात गप्प राहून काम करायचं की बोलायचं, यावरून वाद पेटला आणि त्याच वादातून १९७१ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संघटना निघाली. रवांडाच्या १९९४ च्या नरसंहारानंतर निर्वासितांच्या छावण्यांत मारेकरीही रेशन घेत होते. अशा वेळी धान्य वाटायचं की नाही? या प्रश्नावर आमच्या वर्गात दोन तास भांडण झालं आणि कुणीच जिंकलं नाही.

आकडेही येतात, आणि मला ते आवडले. 'स्फिअर' नावाची किमान मानकं आहेत: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा. या आकड्यांकडे पाहिलं आणि आमच्या २०१९ च्या पाकिटांत पाणी नव्हतंच हे पहिल्यांदा ध्यानात आलं.

'संघर्ष' या शब्दाला घाबरू नका, आणि तो फक्त सुदान-सीरियाचा आहे असंही समजू नका. २००२ च्या दंगलीत मी आठ वर्षांची होते. कर्फ्यूत घरी बसून पत्ते खेळल्याचं आठवतं. त्याच शहरात छावण्या होत्या आणि त्यांत धान्य कोण पोचवत होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी वीस वर्षांनी, हजारो मैलांवरच्या ग्रंथालयात वाचलं.

२. लगेच अर्ज करू नका, आधी काम करा

बी.ए. झालं की थेट जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या वर्गात पस्तिशीची नर्स होती, लष्करातून बाहेर पडलेला एक जण होता, जॉर्डनमध्ये निर्वासितांच्या शाळा चालवलेली बाई होती. ज्यांच्याकडे अनुभव नव्हता ते चर्चेत पुस्तकं बोलून दाखवायचे. वाईट नाही, पण पैसे वाया जातात. शिवाय ब्रिटन सरकारच्या चिव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा अनुभव लागतोच.

काम म्हणजे कुठलं? पूर, शहरी वस्त्या, स्थलांतरित मजूर, आरोग्य, पाणी यांतलं कुठलंही. सयाजीराव विद्यापीठातून एम.एस.डब्ल्यू. केलं असेल तर क्षेत्रकार्याचे तास तुमच्या गाठीशी आहेतच. 'रेडआर इंडिया' ही मदतकार्याचं प्रशिक्षण देणारी संस्था पुण्यात आहे, तिच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. 'काया' नावाच्या संकेतस्थळावर फुकट अभ्यासक्रम आहेत. स्फिअरचं हस्तपुस्तक फुकट मिळतं. रिलीफवेब या मदतकार्याच्या बातम्या-अहवालांच्या संकेतस्थळावर रोज अर्धा तास घालवा, महिन्याभरात या क्षेत्राची बोली कानाला सवयीची होईल.

एक काम मात्र आजपासून करा: वही ठेवा. तारीख, जागा, काय केलं, किती तास, वर कोण होतं. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात तास मोजून लिहावे लागतात. 'यांनी आमच्या संस्थेत समाजसेवा केली, त्यांना उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' अशा प्रमाणपत्राला तिकडे कुणी विचारत नाही.

३. कुठे शिकायचं

भारतात अगदी हाच विषय, याच नावाने, क्वचित सापडतो. जवळचे पर्याय आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जमशेटजी टाटा यांच्या नावाचं आपत्ती अभ्यासाचं स्कूल आहे. दिल्लीत जामिया मिलियाच्या नेल्सन मंडेला केंद्रात संघर्षाचं विश्लेषण आणि शांतता या विषयात एम.ए. आहे. नोकरी सोडायची नसेल तर इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा. कर्ज काढायची ऐपत नसेल तर यातलं काही करा आणि अजिबात खंत बाळगू नका.

बाहेर बघाल तर मँचेस्टर विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र संस्थाच आहे. ब्रॅडफर्डचा शांतता अभ्यास विभाग १९७० च्या दशकातला, जुना आणि नावाजलेला. स्वीडनमध्ये उपसालाचा शांतता आणि संघर्ष विभाग. जिनिव्हाचं मानवतावादी अभ्यासाचं केंद्र मुख्यतः आधीच या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी आहे. 'नोहा' हे युरोपातल्या विद्यापीठांचं जाळं १९९३ पासून दोन वर्षांची संयुक्त पदवी देतं, आणि ती एकाहून जास्त देशांत राहून करायची असते.

नावावर जाऊ नका, विषयांची यादी उघडा. 'आंतरराष्ट्रीय विकास' या नावाखाली कुठे अर्थशास्त्र निघतं, तर 'सुरक्षा अभ्यास' या नावाखाली क्षेपणास्त्रं. संशोधनपद्धती सक्तीची आहे का, प्रबंधाऐवजी प्लेसमेंट (एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम) घेता येते का, शिकवणाऱ्यांपैकी कुणी प्रत्यक्ष छावणीत काम केलंय का, एवढं तपासा. मग मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर लिहा. दहातले चार उत्तर देतात, तेवढे पुरतात.

आणि एजंट. अलकापुरी-फतेगंजात दर चौथ्या पाटीवर विमानाचं चित्र आहे. मीही एका ठिकाणी गेले होते. समोरच्या भाईंनी विषय ऐकला आणि म्हणाले, "बेन, एमां शुं मळशे? मॅनेजमेंट करो." म्हणजे, यात काय मिळणार, मॅनेजमेंट करा. त्यांचंही बरोबर असतं, कारण फी विद्यार्थ्याकडून न घेता विद्यापीठाकडून दलाली घेणारे एजंट जिथे त्यांचं सूत जुळलेलं असतं तिथेच पाठवतात. या विषयाचे अर्ज स्वतः करा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एका रविवारचं काम आहे.

४. वर्षाचं वेळापत्रक

सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उठा. चिव्हनिंगची खिडकी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर उघडी असते. युरोपातल्या संयुक्त पदव्यांच्या मुदती बहुधा हिवाळ्यात संपतात. ब्रिटनची विद्यापीठं उशिरापर्यंत अर्ज घेतात, पण त्यांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या वसंतातच बंद होतात. दिवाळीआधी आयेल्ट्स (इंग्रजीची परीक्षा) आणि ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला गुणांचा अधिकृत उतारा) हातात हवं. बडोद्यात नवरात्राचे नऊ दिवस काही काम होत नाही, हे धरून चाला.

५. पैसा

ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला या विषयाची फी साधारण २० ते ३० हजार पौंड पडते. राहणं-खाणं वेगळं. म्हणून आधी शिष्यवृत्ती, मग कर्ज.

बडोद्याला परदेश शिष्यवृत्तीचा मोठा वारसा आहे. १९१३ मध्ये सयाजीरावांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची या करारावर. अटी तेव्हाही होत्या. चिव्हनिंगची अट आज दोन वर्षं मायदेशी परतण्याची आहे. अर्जात हे ओझं म्हणून लिहू नका. परत येऊन नेमकं काय करणार ते लिहा, तेवढंच त्यांना हवं असतं.

कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीसाठी भारत सरकारमार्फतही नामांकन लागतं, म्हणजे दोन अर्ज, दोन मुदती. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती महिना १४०० युरो देते, पण प्रत्येक अभ्यासक्रमाला दरवर्षी ती असतेच असं नाही. आधी ईमेल करून विचारा. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासूनची, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. नाव ऐकून फुकट समजू नका.

आता खास आपल्या लोकांचा सापळा. घरी मराठी बोलतो, पुण्यात मावशी आहे, म्हणून अनेक जण महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीच्या मागे लागतात. ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. आपण चार पिढ्या गुजरातचे, अधिवास इथला. तो नाद सोडा. गुजरात सरकारची परदेश अभ्यासासाठी कर्ज योजना आहे, १५ लाखांपर्यंत, साध्या ४ टक्के व्याजाने. वेगवेगळ्या वर्गांची महामंडळं वेगळी आहेत, आणि बिनअनामत (आरक्षण नसलेल्या) वर्गासाठीही एक आहे. उत्पन्नाची अट प्रत्येकाची निराळी. आवकीचा दाखला जनसेवा केंद्रातून वेळेत काढा, मे-जूनमध्ये तिथे शाळा-कॉलेजांच्या प्रवेशांची झुंबड असते. जातीच्या दाखल्यात मूळ वास्तव्याचा पुरावा मागतात, तेव्हा आजोबांची बडोदा संस्थानातली कागदपत्रं कपाटातून बाहेर काढून ठेवा. ती कामाला येतात.

बँकेचं कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका सहसा तारण मागतात. आमच्या घरी तारण म्हणून वाडा दाखवायचं ठरलं. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डवर अकरा नावं निघाली. त्यांतले तीन काका वारलेले, एक आत्या अमेरिकेत आणि एक चुलत आजोबा कोण हे कुणालाच माहीत नाही. बाबांनी शेवटी वाघोडिया रोडचा छोटा फ्लॅट लावला. तुमचंही घर जुन्या शहरात असेल तर हे सहा महिने आधी बघा, मंजुरीपत्र हातात येईपर्यंत थांबू नका. एक बरी बातमी: १ एप्रिल २०२५ पासून शिक्षणकर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ कापला जाणारा कर) कापत नाही.

६. कागदपत्रं

हे सगळं एका फोल्डरमध्ये, स्कॅन करून, तारखेनिशी ठेवा:

- पासपोर्ट. बडोद्यातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे.
- पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट
- शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं पत्र, आणि बहुधा आयेल्ट्सचा निकाल. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे गुण धरतात, पण ते बोर्ड बघून ठरवतात.
- दोन शिफारसपत्रं: एक प्राध्यापकांचं, एक कामावरच्या वरिष्ठांचं. जीमेल नको, संस्थेच्या ईमेलवरून.
- दोन पानांचा सीव्ही
- उद्देशपत्र, म्हणजे हा अभ्यास का करायचा ते सांगणारं पत्र
- जन्मदाखला. जुना असेल तर गुजरातीत असतो, प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.
- बँकेची कागदपत्रं किंवा कर्जाचं मंजुरीपत्र

यात सगळ्यात जास्त डोकेदुखी नावाची. गुजरातेत गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. माझ्या कागदांवर माझं नाव तीन तऱ्हांनी होतं, एकीकडे तर वडिलांच्या नावालाच माझं आडनाव केलं होतं. प्रवेशाचं पत्र आलं त्यात 'डिअर मिस सुरेश'. हसू नका, पुढे व्हिसाच्या कागदावर ते तसंच उतरलं असतं. अर्ज भरताना पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहा, आणि सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी पासपोर्टचं ठरवा, बाकीचं नंतर.

७. उद्देशपत्र

'लहानपणापासून मला गोरगरिबांची सेवा करायची होती' हे वाक्य लिहिलं असेल तर पुसा. असं लिहिलेले शेकडो अर्ज येतात. शिवाय या विषयात 'सेवा' शब्दाकडे जरा संशयानेच बघतात, कारण सेवा करणाऱ्याला बरं वाटतं आणि घेणाऱ्याला कुणी विचारत नाही.

चुकलेल्या कामापासून सुरुवात करा. मी पाकिटांचीच गोष्ट लिहिली: कुणाला मिळालं, कुणाला नाही, का नाही. भाडेकरूंची नावं कुठल्याच यादीत नव्हती, कारण याद्या रेशनकार्डावरून झाल्या होत्या. सरकारी कॅशडोल (पूरग्रस्तांना मिळणारी रोख मदत) आणि घरवखरीची, म्हणजे घरसामानाची, मदतही कागद बघूनच मिळते. मग या प्रश्नावर त्या अभ्यासक्रमातला कुठला विषय मला उपयोगी पडेल, ते नाव घेऊन लिहिलं. पहिला मसुदा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "यात तू फारच चुकलेली दिसतेस." तेव्हा मला कळलं की पत्र जमलंय.

राजकीय मत लिहायचं की नाही, असं विचारतात. मत असू द्या, पण ज्याचा पुरावा देता येईल तेवढंच लिहा. संघर्षाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांशी तुम्ही बोलू शकता का, हे वाचणारा शोधत असतो.

८. व्हिसा

ब्रिटनचंच सांगते, मला तेवढंच अनुभवाने माहीत. नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस तुमच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात दिसला पाहिजे. २७ व्या दिवशी कुणाच्या लग्नाला पैसे काढले की मोजणी पुन्हा एकपासून. काकांचं खातं, शेअर्स, सोनं चालत नाही. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची, घरच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या कोर्सला व्हिसा वर्षाहून मोठा मिळतो, त्यामुळे अधिभार दीड वर्षाचा भरावा लागतो, म्हणजे ११६४ पौंड, आणि तोही आधीच. लग्न झालेल्यांनी लक्षात घ्या: जानेवारी २०२४ पासून अशा वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) एम.ए.ला जोडीदाराला बरोबर नेता येत नाही. बोटांचे ठसे द्यायला मी अहमदाबादला गेले, सकाळची इंटरसिटी पुरते.

९. तिथे गेल्यावर

पहिल्या दोन महिन्यांत वाचनाच्या याद्या बघून रडू येतं. सगळं वाचायचं नसतं, हे मला नाताळात कळलं.

प्रबंधाबद्दल मात्र आत्ताच ऐका. प्रत्येकाला वाटतं की आपण युद्धभूमीवर जाऊन मुलाखती घेऊ. विद्यापीठ जाऊ देत नाही. विम्याचा प्रश्न असतो, आणि त्याहून मोठा नीतिसमितीचा: ज्यांचं घर गेलंय त्यांना पुन्हा तीच आठवण काढायला लावण्याचा तुम्हाला काय अधिकार? हा प्रश्न समिती खरोखर विचारते, आणि उत्तर लेखी द्यावं लागतं. मंजुरीला आठवडे जातात. म्हणून विषय असा निवडा जो कागदपत्रांवर, अहवालांवर किंवा मदत देणाऱ्यांच्या ऑनलाइन मुलाखतींवर होऊ शकेल. मी पुरातल्या लाभार्थी-याद्यांवर केला आणि मुलाखती फक्त याद्या करणाऱ्यांच्या घेतल्या. गुजरातीत बोलून इंग्रजीत लिहिताना 'घरवखरी'ला शब्द सापडेना, तेव्हा प्राध्यापिका म्हणाल्या, तोच ठेवा.

१०. नोकरीचं काय

इथे गोड बोलणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला यूएसएड बंदच झाली, आणि जगभर या क्षेत्रातल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. आज एका साध्या जागेसाठी दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेले अर्ज करतात. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर थांबायचा व्हिसा दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचा मिळेल. तिकडेच राहून कर्ज फेडू, असं गणित मांडून जाऊ नका.

मग जायचं का? 'मदतकार्य' या एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवणार नसाल तर जा. काम शिकून या: पाणी-स्वच्छता, रोख मदतीचं नियोजन, माहितीची छाननी, मूल्यमापन. मला परत आल्यावर नोकरी मिळाली ती शहरी पूरव्यवस्थापनाच्या एका प्रकल्पात, मूल्यमापनाची. तीही एक्सेल येत होतं म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने ३५ फूट ओलांडले, मगरी रस्त्यावर आल्या, तेव्हा आम्ही यादी करायला वस्तीच्या मागच्या बाजूने शिरलो आणि रेशनकार्ड न विचारता चूल मोजली. दुपारपर्यंत दोनशे बारा चुली झाल्या. पुढच्या बाजूने आलेल्यांच्या यादीत एकशे साठ होत्या.

सीव्हीत भाषा ठळक लिहा: मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, मुलाखत घेणाऱ्यांना वाटतं. वाहन परवाना असेल तर तोही लिहा. पहिल्या मुलाखतीत मला तत्त्वांबद्दल एकही प्रश्न आला नाही. गिअरची गाडी येते का, एवढं मात्र दोनदा विचारलं.